लेखनप्रश्न : मंगळावरची नायिका आणि भांडाराची नोंदवही

या वेळी दोनच पत्रे घेतली आहेत. पहिले नाशिकच्या एका वाचक-लेखिकेचे आहे. ते मोठे असल्याने त्यातील प्रश्न वेगवेगळे करून प्रत्येकाखाली उत्तर दिले आहे. दुसरे कोल्हापूरच्या एका वाचकाचे असून त्याचा रोख याच विषयाकडे असल्यामुळे ते मध्येच घेतले आहे.

प्रश्न : मी चार भागांची विज्ञानकाल्पनिक प्रेमकथामालिका लिहीत आहे. कथा तेविसाव्या शतकात मंगळावरच्या वसाहतीत घडते. नायिका पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची अभियंता आहे आणि नायक वसाहतीच्या भांडाराचा प्रमुख आहे. नायिका इंटरसेक्स आहे. तिच्या शरीरात स्त्री आणि पुरुष या दोहोंचे अंश आहेत, इतके मी मनाशी धरले आहे. याहून अधिक तपशील ठरवणे आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे, आणि पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वीच आवश्यक आहे. ‘दोहोंचे अंश’ एवढ्या भांडवलावर फार तर एक लघुकथा निभावेल. चार भागांत ही बाई आजारी पडेल, तिची तपासणी होईल, तिचे वय वाढेल, ती कोणाच्या तरी मिठीत असेल, आणि या प्रत्येक ठिकाणी तिच्या शरीरात नेमके काय घडते हे लेखिकेला माहीत नसेल तर लेखणी आपोआप धूसर आणि गूढ शब्दांकडे वळेल. गूढता आली की नायिका माणूस न राहता चमत्कार होऊन बसते.

इंटरसेक्स हे एका विशिष्ट शरीराचे नाव नाही. गुणसूत्रे, जननग्रंथी (अंडाशये किंवा वृषणे), संप्रेरके (हार्मोन्स) आणि जननेंद्रिये यांची जुळणी स्त्री किंवा पुरुष या रूढ व्याख्यांत पूर्णपणे बसत नाही, अशा अनेक जन्मजात वेगळेपणांची मोट त्या शब्दात बांधलेली आहे. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ०.०५ ते १.७ टक्के असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. दोन आकड्यांतील ही मोठी तफावत मुख्यतः कोणकोणते प्रकार मोजणीत धरायचे यावरील मतभेदामुळे पडते. दोन्ही प्रकारची जननेंद्रिये पूर्णपणे कार्यक्षम असलेले आणि स्वतःच स्वतःपासून मूल जन्माला घालू शकणारे माणूस मात्र या यादीत कुठेही नाही. ती विज्ञानकथांतून वारंवार येणारी कल्पना आहे, आणि आपल्या टिपणांत तिची पुसट सावली मला दिसली म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या कथेला लागू पडतील असे तीन प्रकार आहेत. जन्मजात ॲड्रीनल हायपरप्लेझियात गुणसूत्रे एक्सएक्स असतात, गर्भाशय आणि अंडाशय जागच्या जागी असतात, परंतु मूत्रपिंडांवरच्या ॲड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसे बनवू शकत नाहीत आणि पुरुषी संप्रेरके जास्त बनवतात, त्यामुळे बाह्य जननेंद्रियाचा आकार वेगळा होतो. तीव्र प्रकारात शरीरातून मीठ वाहून जाते आणि उपचार न मिळाल्यास नवजात बाळ काही आठवड्यांत दगावू शकते. औषध आयुष्यभर घ्यावे लागते आणि ताप किंवा दुखापत झाल्यास त्याची मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. दुसरा प्रकार स्वायर सिंड्रोमचा. त्यात गुणसूत्रे एक्सवाय असतात, जननग्रंथी विकसितच होत नाहीत, मात्र गर्भाशय असते. तिसरा प्रकार संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेचा आहे. आपल्या कथेसाठी मी निःसंशय याच प्रकाराची शिफारस करीन आणि त्याचे कारण जरा विस्ताराने सांगतो.

या प्रकारात गुणसूत्रे एक्सवाय असतात, पोटात वृषणे असतात आणि ती टेस्टोस्टेरॉन तयारही करतात, पण पेशींमधला ग्राहक, म्हणजे संप्रेरकाचा संदेश टिपणारा भाग, सदोष असल्यामुळे शरीराला त्या संप्रेरकाची हाक ऐकूच येत नाही. बाळ मुलगी म्हणून जन्मते आणि मुलगी म्हणूनच वाढते. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते, त्यामुळे स्तनांची वाढ नेहमीसारखी होते. काखेत केस जवळजवळ येत नाहीत, चेहऱ्यावर मुरुमे सहसा उठत नाहीत, उंची बहुधा इतर मुलींपेक्षा थोडी जास्त असते. गर्भाशय नसल्यामुळे पाळी येत नाही, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी आई मुलीला डॉक्टरांकडे नेते ती याच कारणासाठी. सोनोग्राफी करणारा हात मध्येच थांबतो, डॉक्टर पडद्याकडे पुन्हा पाहतात आणि आईला तेवढे बाहेर बोलावतात. टेबलावर पोटाला थंड जेल लावलेल्या अवस्थेत मुलगी एकटी पडून राहते. या अनुभवाशी मिळतीजुळती वर्णने अनेक देशांतील स्त्रियांनी लिहून ठेवली आहेत.

काही वेळा हे त्याआधीच, लहानपणी कळते. मुलीला जांघेत हर्निया झाला म्हणून शस्त्रक्रिया करायला घ्यावे आणि आत वृषण सापडावे, असे घडते. म्हणजे आपल्या नायिकेच्या जांघेत दोन्ही बाजूंना दोन बारीक व्रण असू शकतात, आणि ‘लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं’ एवढेच तिला सांगितलेले असू शकते. हा तपशील पहिल्या भागात सहज येऊन जाऊ द्यावा.

आणखी एक गोष्ट कादंबरीकाराला आयती मिळते. या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे पुष्कळ कुटुंबांत ते आईकडून येते आणि आईच्या एखाद्या बहिणीचीही तीच शरीररचना असू शकते. कोणत्याही मराठी घरात ‘तिला मूलबाळ झालं नाही’ एवढ्या एका वाक्यावर जिचे अख्खे आयुष्य आटोपले जाते अशी एखादी मावशी असते. आपल्या नायिकेची अशी मावशी पृथ्वीवर मागे राहिलेली असेल, तर चार भागांना पुरेल इतका एक संवाद तिच्यापाशी शिल्लक आहे. त्यातही पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटे लागतात, तेव्हा हा संवाद फोनवरच्या बोलण्यासारखा होणारच नाही. प्रत्येकीला आपले म्हणणे संपूर्ण मांडून मग वाट पाहावी लागेल, आणि असली गोष्ट सांगायला कदाचित तेच सोयीचे ठरेल.

प्रश्न : पण मग मंगळाचा काय संबंध उरतो? ही कथा नाशिकमध्येही घडू शकेल.

उत्तर : हा आपल्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. विज्ञानकथेत परिसर बदलल्यावर शरीराचा अर्थही बदलला पाहिजे, नाहीतर मंगळ हा नाटकातला मागचा रंगवलेला पडदा ठरतो.

वजनविरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या मांडीच्या व कमरेच्या हाडांची घनता दर महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते. मंगळापर्यंतचा प्रवास आजच्या तंत्राने सात-आठ महिन्यांचा आहे आणि तेथे पोचल्यावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. हाडे टिकवण्यात इस्ट्रोजेनचा वाटा मोठा असतो. आपल्या नायिकेची वृषणे पोटात तशीच राहिली असती, तर तिला लागणारे इस्ट्रोजेन तिचे शरीरच बनवत राहिले असते. ती लहानपणी काढून टाकली असतील, तर तिला गोळी, जेल किंवा पट्टी यांवर दीर्घकाळ अवलंबून राहावे लागेल, आणि ते औषध पृथ्वीवरून येणार. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला अनुकूल अशा स्थितीत सुमारे २६ महिन्यांनी एकदा येतात. म्हणजे एक मालवाहू यान हुकले की पुढच्याची वाट सव्वादोन वर्षे.

तिच्या भल्यासाठी म्हणून, तिला न विचारता, ती पाच वर्षांची असताना झालेल्या शस्त्रक्रियेने तिला आयुष्यभरासाठी भांडाराची ऋणको करून ठेवले आहे, ही गोष्ट नाशिकमध्ये जाणवणार नाही, कारण तेथे कोपऱ्यावर औषधाचे दुकान आहे. मंगळावर ती रोज जाणवेल. शास्त्रीय बाजूही पक्की आहे. या प्रकारात वृषणांत कर्करोग होण्याचा धोका वयात येण्यापूर्वी अगदी कमी असतो. त्यामुळे आज अनेक डॉक्टर घाई करत नाहीत, वयात आल्यावर त्या व्यक्तीलाच माहिती देऊन काढायची की नियमित तपासणी करत ठेवायची हे ठरवू देतात. पूर्वी मात्र हा धोका पुढे करून लहानपणीच शस्त्रक्रिया होत असे, आणि मोठे झाल्यावर ‘तुझ्या अंडाशयांत दोष होता, म्हणून ती काढली’ असे सांगितले जाई. आपली नायिका याच वाक्यावर विश्वास ठेवून तीस वर्षे जगलेली असू शकते.

आणि आपला नायक भांडाराचा प्रमुख आहे! आपण हे सहज ठरवले असेल, पण मालिकेचे सगळे यंत्र याच एका गोष्टीवर फिरू शकते.

प्रश्न : दुसऱ्या भागाच्या शेवटी नायकाला तिचे रहस्य कळते. तो हादरतो, निघून जातो आणि तिसऱ्या भागात परत येऊन ‘तू जशी आहेस तशी मी तुला स्वीकारतो’ असे म्हणतो. हा प्रसंग परिणामकारक होईल का?

उत्तर : परिणाम होईल, पण आपल्याला हवा तो नाही. ‘स्वीकारतो’ या एका शब्दाने नायक न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि नायिका आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. निकाल तिच्या बाजूने लागला म्हणून तिने कृतज्ञ राहावे अशी मग कथेची अपेक्षा होते. प्रेमकथेत दोघांनाही काहीतरी गमावण्याची भीती असावी लागते. येथे ती तिला एकटीलाच आहे.

शिवाय तिचे शरीर भाग संपवणारा धक्का म्हणून वापरले, की ते वाचकाच्या करमणुकीची वस्तू बनते. ज्या वाचकाचे शरीर तिच्यासारखे आहे त्याने हे पान वाचताना काय समजावे? आपले अस्तित्व हा दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीतला धक्का आहे, हेच ना?

मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो या स्पॅनिश अडथळा-धावपटूची हकीकत येथे उपयोगी पडेल. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत लिंगचाचणी होऊन तिला स्त्री असल्याचे प्रमाणपत्र मिळाले होते. १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे विद्यापीठ क्रीडास्पर्धांना जाताना ते प्रमाणपत्र घरी राहिले, म्हणून चाचणी पुन्हा झाली आणि त्यात एक्सवाय गुणसूत्रे आढळली. तिला अँड्रोजेन असंवेदनशीलता होती, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा फायदा घेणे तिच्या शरीराला शक्यच नव्हते. बातमी वृत्तपत्रांत फुटली, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, आणि ज्याच्याशी लग्न ठरले होते तो मनुष्यही गेला. २००५ मध्ये तिने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे सर्व स्वतः लिहिले. १९८८ मध्ये तिला पुन्हा धावण्याची परवानगी मिळाली होती, पण तोपर्यंत ऐन उमेदीची वर्षे हातची गेली होती. आपल्या देशातही २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजन या तामिळनाडूच्या धावपटूचे ८०० मीटरचे रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतले गेले. या हकिकतींत शरीराने कोणाचे काही बिघडवलेले नाही. जे बिघडले ते कागदामुळे आणि तो कागद कोणाच्या हातात होता त्यामुळे. तुमच्या मालिकेतला संघर्ष मला याच ठिकाणी दिसतो.

म्हणून माझी सूचना अशी की नायकाला ही गोष्ट तिच्याआधी, आणि तिच्या नकळत, कळू द्यावी. औषधांची नोंदवही त्याच्याकडे आहे. कोणाला काय दिले जाते हे त्याला दिसते. तिच्या नावापुढचे औषध, मात्रा आणि ‘लहानपणी जननग्रंथी काढल्या’ हा शेरा त्याने वाचला आहे, पण तिला अजूनही आपली अंडाशये काढली होती असेच वाटते. आता दोष त्याच्याकडेही आला. तो तिच्यावर प्रेम करतो, तिच्या शरीराबद्दल तिच्यापेक्षा अधिक जाणतो आणि गप्प बसतो. प्रसंग साधारण असा लिहिता येईल :

यान हुकल्याची घोषणा होऊन दोन दिवस झाले होते. भांडाराचा दरवाजा अर्धा उघडा होता आणि तो काचेच्या नळ्या मोजत होता.

‘यादीत अठ्ठावन्न नंबरला एक जेल आहे,’ ती म्हणाली. ‘ते माझं आहे. किती महिन्यांचं उरलंय?’

‘अकरा.’

‘तू यादी उघडलीच नाहीस.’

त्याने हातातली नळी खोक्यात ठेवली. ‘मी ती रोजच बघतो,’ तो म्हणाला. ‘तुझ्या नावापुढे आणखीही काही लिहिलेलं आहे. ते तुला कुणी सांगितलेलं नाही, हे माझ्या फार पूर्वी लक्षात आलं होतं.’

येथून पुढे जाणारी किंवा न जाणारी ती आहे. त्याने परत यायचे की नाही हा प्रश्नच राहत नाही. तिने त्याच्याकडे परत जायचे की नाही, यावर तिसरा भाग उभा राहू शकतो.

प्रश्न : तेविसाव्या शतकापर्यंत विज्ञानाने ही स्थिती ‘बरी’ केलेली असेल, असे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे आहे. तिला काय उत्तर द्यावे?

उत्तर : मैत्रिणीला विचारावे की नेमके काय बरे करायचे आहे. ॲड्रीनलच्या प्रकारातील मिठाची गळती हा आजार आहे आणि तो बरा झालाच पाहिजे. एखाद्या अवयवाचा आकार वेगळा असणे हा आजार आहे का, हा निवाडा मात्र प्रयोगशाळेत होत नाही.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात असा सिद्धांत मांडला की मूल अगदी लहान असताना शस्त्रक्रिया करून एका लिंगात बसवले आणि त्याबाबत कसलीही शंका येऊ न देता वाढवले, तर ते त्या लिंगाचे म्हणून सुखाने जगेल. या सिद्धांताचा अंमल अनेक देशांत कित्येक दशके चालला. त्यातून मोठ्या झालेल्या मुलांनी स्वतः बोलायला सुरुवात केल्यावर दुसरी बाजू उजेडात आली : संवेदना गमावल्या होत्या, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि घरात कोणी खरे बोलत नव्हते. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बोस्टनमध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर त्यांनी निदर्शने केली. तो दिवस आता इंटरसेक्स जागृती दिन म्हणून पाळला जातो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मतैक्यपत्राने रुग्णाला मोकळेपणाने माहिती देण्याचा आणि केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियांबाबत सावध राहण्याचा पुरस्कार केला. २०१५ मध्ये माल्टाने संमतीविना होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना कायद्याने मनाई केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर तामिळनाडू सरकारनेही ऑगस्टमध्ये, जिवाला धोका असेल असे प्रसंग वगळून, अर्भकांवरील अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

म्हणजे ‘बरे करण्याची’ उमेद जुनी आहे आणि तिच्यावर प्रश्न उभे करणारा काळ नवा आहे. भविष्यातली वसाहत या बाबतीत पुढे गेलेली असेल की मागे, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझ्या मते मागे गेलेली अधिक विश्वसनीय वाटेल. दोन-तीन हजार माणसांची वस्ती, प्रत्येक जन्माचा हिशेब, आणि लोकसंख्या वाढवण्याची निकड अशा ठिकाणी समित्या फार लवकर माणसांच्या ओटीपोटात डोकावू लागतात.

प्रश्न (कोल्हापूरचे एक वाचक) : अशा नायिकेचे चित्रण करताना अर्धनारीनटेश्वर, शिखंडी किंवा बृहन्नडा यांचा आधार घेतल्यास मराठी वाचकाला ती जवळची वाटणार नाही का? तसेच इंटरसेक्स आणि तृतीयपंथी एकच का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. एकच नव्हे. इंटरसेक्स हे जन्मजात शरीररचनेविषयी आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तीची स्वतःची ओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी असते. हिजडा हा गुरू-चेला परंपरेने बांधलेला समाज आहे आणि त्यातील बहुसंख्य व्यक्ती इंटरसेक्स नसतात. घोटाळा होण्याचे एक कारण असे की २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने आपल्या व्याख्येत इंटरसेक्स व्यक्तींनाही सामावून घेतले. अनेक इंटरसेक्स व्यक्ती निर्धास्तपणे स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवतात. आपल्या नाशिककर लेखिकेची नायिकाही ‘मी आले, मी गेले’ असेच बोलेल, तिच्यासाठी नवे सर्वनाम शोधण्याची खटपट नको.

पुराणांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. अर्धनारीनटेश्वर हे तत्त्वाचे रूप आहे. त्याला कधी रुग्णालयात अर्ज भरावा लागला नाही. शिखंडीची कथा सूडाची आणि बृहन्नडेची वेषांतराची आहे. या तिघांना कथेत आणले की वाचकाला जवळीक वाटण्याऐवजी तो हात जोडतो, आणि हात जोडलेल्या माणसाला समोरच्या बाईची कंबर दुखते आहे हे दिसत नाही. एखाद्या पात्राने अशी तुलना करावी आणि नायिकेने वैतागून विषय बदलावा, इतपत चालेल.

प्रश्न : प्रणयप्रसंग किती मोकळेपणाने लिहावेत? शरीराचे वर्णन टाळले तर भित्रेपणा वाटतो आणि केले तर कुतूहल भागवल्यासारखे वाटते.

उत्तर : हा प्रश्न मोकळेपणाचा नसून प्रसंग कोणाच्या नजरेतून लिहिला आहे याचा आहे. प्रणयप्रसंग नायिकेच्या दृष्टीतून लिहिलात तर वर्णन आपोआप नेमके होईल, कारण स्वतःच्या शरीराकडे कोणी तपासनिसासारखे पाहत नाही. कुठे स्पर्श आवडतो, कुठला नकोसा होतो, जुन्या व्रणावर बोट आले की ती का ताठरते, हे तिला ठाऊक असते. नायकाच्या नजरेतून लिहायचे असल्यास त्याच्या उत्सुकतेला लगाम घालावा.

एक वास्तव येथे लक्षात ठेवावे. अँड्रोजेन असंवेदनशीलतेत योनिमार्गाची लांबी कमी असू शकते, आणि अनेक मुलींना किशोरवयात, त्यांची स्वतःची काही इच्छा जागी होण्याआधीच, तो वाढवण्याच्या उपायांना सामोरे जावे लागले. उपचाराचे यश भावी पतीच्या सोयीने मोजले जाई. म्हणून आपल्या नायिकेला एखादी विशिष्ट क्रिया नको असेल, किंवा तिची जवळीक पूर्णपणे वेगळ्याच रीतीने फुलत असेल, तर ती उणीव म्हणून लिहू नये आणि शेवटच्या भागात ‘अखेर सर्व सुरळीत झाले’ असेही दाखवू नये. तिने ‘नको’ म्हणावे, त्याने विचारावे, दोघांनी हसावे. प्रणयात विनोदाला जागा असते हे आपल्याकडच्या प्रेमकथा बरेचदा विसरतात. काखेतल्या केसांवरून वसाहतीतल्या मैत्रिणींना तिचा वाटणारा हेवा हा तर हलक्याफुलक्या संवादाचा अगदी तयार विषय आहे.

प्रश्न : चौथ्या भागात कृत्रिम गर्भाशयाच्या साहाय्याने तिला मूल होते, असा सुखान्त मी योजला आहे.

उत्तर : रद्द करावा, निदान या रूपात तरी. प्रेमकथेचा वाचक सुखान्ताची अपेक्षा करतो आणि ती पुरी करणे लेखकाचे कर्तव्यच आहे, परंतु त्याला दिलेले वचन त्या दोघांच्या एकत्र असण्याचे असते, पाळण्याचे नव्हे. तीन भाग ‘ती जशी आहे तशी पुरेशी आहे’ असे सांगून चौथ्यात यंत्राने तिची ‘कमतरता’ भरून काढली, तर आधीचे सगळे खोटे ठरते. त्यातून मूल होऊ न शकणाऱ्या इतर स्त्रियांनाही आपण नकळत एक टोला देऊन जातो.

मूल हवेच असेल तर ते तिची पूर्तता म्हणून नको, निर्णय म्हणून यावे, आणि त्यावर दोघांचे मतभेद व्हावेत. वसाहतीची लोकसंख्या समिती तिला ‘अनुत्पादक’ रकान्यात टाकते आणि राहण्याच्या जागेचे तिचे गुण कापते, असा धागा दुसऱ्या भागापासून पेरला असेल, तर चौथ्यातला लढा त्या रकान्याविरुद्ध होईल. तो जिंकल्याचा आनंद पाळणा हलल्याच्या आनंदापेक्षा कमी ठरणार नाही.

प्रश्न : चारही भागांत हाच विषय ठेवला तर मालिका प्रचारकी होईल अशी भीती वाटते.

उत्तर : ठेवूच नये. पहिल्या भागात पाणी असावे. ती पाण्याची अभियंता आहे. मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार आहेत, ते थायरॉइडला घातक असल्याने पाण्यातून काढून टाकावे लागतात, आणि त्या गाळण्या बिघडतात. वाचक तिच्या हातांवर आणि तिच्या रागीट स्वभावावर प्रेम करू लागला पाहिजे. शरीराचा विषय तेथे दोन व्रण, पाळीच्या सुट्टीचा कधीच न केलेला अर्ज, मावशीचा एक अर्धवट संदेश इतकाच असावा. दुसऱ्यात नोंदवही येईल, तिसऱ्यात दुरावा आणि मावशी, चौथ्यात समिती. नायिका मरणार नाही, त्याग करून दूर जाणार नाही आणि ‘पुढच्या युगाचा मानव’ म्हणून गौरवलीही जाणार नाही, एवढे तीन खिळे आराखड्यात आधीच ठोकून ठेवावेत.

प्रश्न : हस्तलिखित कोणाला दाखवावे?

उत्तर : आधी वाचन करावे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयाची मराठीत प्राथमिक ओळख करून देणारे लेखन केले आहे, तेथून सुरुवात करावी. इंग्रजीत इंटरसेक्स व्यक्तींनी स्वतः लिहिलेली आत्मकथने आहेत, ती वैद्यकीय पुस्तकांच्या आधी वाचावीत. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मालिकेने २०१४ मध्ये इंटरसेक्स मुलीचे पात्र आणले तेव्हा ‘इंटरॲक्ट’ या तरुण इंटरसेक्स व्यक्तींच्या संस्थेचा सल्ला घेतला होता. आपल्यालाही संस्थेमार्फतच विचारणा करणे योग्य होईल. समाजमाध्यमांवर एखादी व्यक्ती शोधून ‘तुमचे अनुभव सांगा’ असा निरोप पाठवू नये. कोणी वाचायला तयार झाल्यास मानधन आधी ठरवावे, आणि संपूर्ण भाग पाठवावा, केवळ प्रणयाची पाने नव्हेत. औषधांच्या मात्रा आणि हाडांचा हिशेब हार्मोन-तज्ज्ञ डॉक्टरांकडून वेगळा तपासून घ्यावा, कारण अकरा महिन्यांचे जेल किती नळ्यांत मावते हे चुकले तर भांडारातला तो प्रसंगच पडेल.